साळूच्या अंगावरचा पास्ता

एका जंगलात, बाळांनो, उन्हाळा लागला की कुणी कुणाला खात नसे. दया म्हणून नव्हे, सवडच नसे. सगळ्या बायका वाळवणाला लागत आणि सगळे पुरुष कावळे हाकायला बसत. कावळ्यांच्या घरी मात्र जरा पंचाईत होई.

पापड होत, कुरडया होत, सांडगे होत आणि सगळ्यात शेवटी शेवया. शेवयांचं यंत्र बाजेला आवळून बांधायचं. एकीने पीठ भरायचं, दुसरीने दांडा फिरवायचा, तिसरीने खालून येणाऱ्या शेवया हातावर झेलायच्या. हे एकटीचं काम नव्हे. म्हणून जंगलात सावड होती. आज सगळ्या तुझ्याकडे, उद्या सगळ्या माझ्याकडे.

सगळ्या म्हणजे सगुणा सोडून.

सगुणा ही साळू होती. साळू म्हणजे साळिंदर. अंगभर हे एवढाले काटे. फार पूर्वी ती एकदा सावडीला गेली होती. बाजेवर टेकली. उठली तेव्हा बाजेची नवार तिच्याबरोबर उठली. नवारीबरोबर यंत्र उठलं, आणि यंत्राबरोबर दांडा धरून बसलेली हत्तीणही अर्धी उठली. तेव्हापासून सगुणाला कुणी बोलावलं नाही.

तरी ती दरवर्षी गहू ओलवी. अंगण सारवी. कुणीतरी आपल्या दारात यावं, दांडा फिरवावा, पिठात पाणी जास्त झालं म्हणून नाकं मुरडावीत, एवढंच तिला हवं होतं. कुणी येत नसे. मग त्या गव्हाच्या घुगऱ्या करून ती एकटीच खाई, आणि बाळांनो, एकटीने खाल्लेल्या घुगऱ्या घशाखाली उतरत नाहीत.

त्या वर्षी काय झालं, झुंबराबाई माकडिणीच्या लेकीने सातासमुद्रापलीकडून एक यंत्र पाठवलं. चकचकीत. दोन लाटणी एकमेकांना चिकटलेली आणि बाजूला दांडा.

"हे पास्त्याचं," झुंबराबाई म्हणाली. "घरच्या घरी पास्ता!"

"म्हणजे चपट्या शेवया," चंद्रकला लांडोर म्हणाली.

तिला ताबडतोब बोलायची बंदी झाली.

बंदी घातली ऐरावतीबाईंनी. ऐरावतीबाई म्हणजे तीच ती अर्धी उठलेली हत्तीण. आता ती महिला मंडळाची अध्यक्ष होती. तिने जाहीर केलं, "भगिनींनो, शेवया पुष्कळ झाल्या. जग कुठे चाललंय! यंदा आपण पास्ता महोत्सव करायचा. वनराजांना मी प्रमुख पाहुणे म्हणून बोलावून ठेवलंय."

बोलावून ठेवलंय म्हटल्यावर करणं भागच होतं.

महोत्सवाच्या सकाळी यंत्र बाजेला बांधलं. ते टेबलाला बसवायचं असतं, पण यंत्र म्हटलं की बाजच. झुंबराबाईने लेकीची कृती तोंडपाठ केली होती. "पिठात चार अंडी घालायची," ती म्हणाली.

सगळ्यांनी चंद्रकलाकडे पाहिलं. तिला बोलायची बंदी होती. म्हणून ती न बोलता उठली आणि झाडावर जाऊन बसली.

मग पाण्यातच मळलं. पीठ लाटण्यांतून काढलं, घडी घातली, पुन्हा काढलं. दर वेळी यंत्राचा खुंटा एक घर पुढे सरकवायचा, की पोळी आणखी पातळ. बायकांना चेव चढला. "अजून पातळ! अजून!" पिठाचा असा धुरळा उडाला की हत्तीण स्वर्गातल्या हत्तीसारखी पांढरी झाली आणि क्षणभर तिला आपण फार मोठ्या झाल्यासारखं वाटलं.

"आता पट्ट्या पाडायच्या," झुंबराबाई म्हणाली. "आणि लगेच उकळून खायच्या. ताज्या ताज्या."

"ताज्या?" ऐरावतीबाईंना हे सहन होईना. "यंत्रातून निघालेलं वर्षभर पुरलं पाहिजे. लगेचच खायचं तर दोन घासांपुरतं हातानेही लाटता येतं! वाळत घाला!"

"बाजेवर घालू?"

"बाजेवर शेवया घालतात! खोक्यावरचं चित्र बघ."

चित्रात एक स्टँड होता. त्याला चहूबाजूंनी काड्या, आणि काडीकाडीवर पास्ता लोंबतोय. असा स्टँड जंगलात कुणाकडेच नव्हता.

पण हत्तिणीची सोंड थांबते होय? तिने दांडा असा गरगरा फिरवला की पट्ट्या यंत्रातून निघाल्या त्या निघाल्याच. त्यांची टोकं धरून झुंबराबाई पळत सुटली. आंब्याला वळसा घातला, वारुळावरून उडी मारली, आणि करवंदीच्या जाळीमागे शिरली.

जाळीमागे सगुणा बसली होती. ती तिथे दरवर्षी बसे. तिथून सगळ्यांचं हसणं ऐकू येई.

अंगावर पांढरं काहीतरी धावून येतंय हे पाहून ती दचकली. साळू दचकली की काटे उभे राहतात. झुंबराबाईही दचकली आणि तिच्या हातातल्या पट्ट्या सुटल्या. त्या थेट काट्यांवर. एकेका काट्यावर एकेक पट्टी, दोन्ही बाजूंना सारखी लोंबती.

झुंबराबाईने सगुणाकडे पाहिलं. चित्र आठवलं. आणि ती किंचाळली, "बाई, स्टँड!"

मग काय विचारता! सगुणाला वाजतगाजत आणलं. मधोमध बसवलं. सगळ्याजणी तिच्याभोवती. जिच्या सावलीला कुणी उभं राहत नव्हतं, तिच्या अंगावर आता पास्ता घालायला जागा मिळेना.

"फक्त हलू नकोस गं राणी," ऐरावतीबाई म्हणाल्या. राणी म्हणाल्या, बाळांनो! सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही. हलायचं नव्हतं.

पण एक अडचण होती. बायका कामाला बसल्या की गप्पा निघतात, आणि गप्पा निघाल्या की झुंबराबाईच्या नकला निघतात. सगुणाने आजवर त्या जाळीतून ऐकल्या होत्या, बघितल्या कधीच नव्हत्या. आणि साळू हसली की तिचे सगळे काटे खुळखुळतात.

झुंबराबाई उठली. "आता वनराज घरी कसे असतात ते बघा हं." तिने छाती फुगवली, पिठाची आयाळ लावली, आणि डरकाळी फोडणार एवढ्यात बायकी आवाजात स्वतःच म्हणाली, "अहो, पाय पुसलेत का?" आणि लगेच अगदी बारीक आवाजात, "हो गं."

बायका लोळल्या. सगुणाने दात आवळले, श्वास कोंडला, मेलेल्या नातेवाइकांची नावं आठवली. एक काटा थरथरला. पण पट्टी पडली नाही. ती जिंकली.

तेवढ्यात तुतारी वाजली. वनराज आले. मागून सिंहीणबाई. सगळ्या उभ्या राहिल्या. ऐरावतीबाईंनी सोंड जोडली. वनराजांनी आयाळ झटकली, आकाशाकडे मान केली, जबडा उघडला.

"अहो," सिंहीणबाई म्हणाल्या, "पाय पुसलेत का?"

"हो गं," वनराज म्हणाले.

संपलं. सगुणा फुटली. आजवर जाळीमागे बसून ऐकलेलं सगळं हसू एकदम बाहेर आलं. काटे खुळखुळले, झडझडले, आणि पास्ता उडाला. तो हत्तिणीच्या कानांवर गेला, आंब्यावर गेला, चंद्रकलाच्या तुऱ्यात गेला. आणि सगळ्यात लांब पट्टी वनराजांच्या नाकावर पडली.



"मेले, स्टँड कधी हसतो का?" ऐरावतीबाई दातओठ खात पुटपुटल्या. सगुणाने डोळे मिटले. आता पुन्हा जाळीमागे, तिला वाटलं. फारच वाईट वाटलं. तरी अजून एक काटा हसतच होता.

वनराजांनी जीभ बाहेर काढली आणि नाकावरची पट्टी ओढून घेतली. कच्चीच. त्यांचे दात हल्ली हलत होते, पण हे राजगुपित होतं. ते चघळत राहिले.

"मऊ आहे," ते म्हणाले. "शेवयांसारखं लागतं."

"शेवया कशा असतील महाराज!" ऐरावतीबाई म्हणाल्या. "शेवया बाजेवर वाळतात. हा पास्ता साळूवर वाळवलाय."

"तरीच," वनराज म्हणाले. "चव वेगळी आहे." आणि त्यांनी फर्मान काढलं की यापुढे घरोघरी पास्ता व्हावा, आणि तो साळूवरच वाळावा.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ऐरावतीबाई सगुणाच्या दारात. आवाजात गूळ. "सगुणाताई, आज माझ्याकडे यायचं हं."

"येईन," सगुणा म्हणाली. "सावड म्हणून येईन. उद्या सगळ्यांनी माझ्याकडे यायचं. आणि हसू आलं तर मी हसणार."

ऐरावतीबाईंनी पुष्कळ विचार केला. फर्मान होतं. साळू एकच होती. "बरं," त्या म्हणाल्या. "पण हसायच्या आधी सांगत जा."

आणि त्या आल्या, बाळांनो. खरंच आल्या. सगुणाच्या सारवलेल्या अंगणात महिला मंडळ मांड्या घालून बसलं. एकीने पीठ भरलं, दुसरीने दांडा फिरवला, तिसरीने पट्ट्या झेलल्या. पिठात पाणी जास्त झालं म्हणून चौघींनी नाकं मुरडली. चूल त्यांनीच पेटवली, गूळ त्यांनीच शोधून काढला, डबे उघडून कुठे काय आहे ते बघितलं, आणि घर कसं नीट ठेवावं हेही सांगितलं.

सगुणा अंगणाच्या मधोमध बसली होती. तिच्या अंगावर पास्ता वाळत होता. आपल्याच घरी आलेल्या पाहुण्यांना तिला तांब्याभर पाणीसुद्धा देता येईना.

"बायांनो," ती म्हणाली, "सांगून ठेवते हं. हसू येतंय."

सगळ्या ताटं डोक्यावर धरून बसल्या.

तात्पर्य: गोड बोलावं, नम्र व्हावं, अंगचे काटे काढून टाकावेत, म्हणजे लोक आपल्याला जवळ करतात, असं थोर माणसं सांगतात. त्यांचं ऐकावं. पण काटे काढण्यापूर्वी, त्यांच्यावर कुणाला काही वाळत घालायचं आहे का, हे शेजारीपाजारी एकदा विचारून घ्यावं.