फाउलनंतरची जागा

पंगतीत वाढपी मीठ विसरला, तरी गुणवंत मास्तर उठून त्याला चूक सांगत आणि लगेच मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहत. मुलांनो, हसू नका. सारं गाव हसायचं, त्याचा राग मला अजून आहे.

जऊळक्याजवळच्या आमच्या शाळेत मास्तर ड्रिल शिकवत, मी इंग्रजी. बास्केटबॉलच्या नियमांचं इंग्रजी पुस्तक मी वाचून दाखवलं, त्यांनी पाठ केलं. फाउल दिला की पंचाने टेबलाकडे यायचं, बोटांनी खेळाडूचा नंबर दाखवायचा आणि बास्केटखालची आपली जागा गाठायची. चुकलेल्याजवळ थांबायचं नाही. थांबलं की भांडण. टेबलावर गुण लिहायला मी.

पण गावाने पाहिलेली कुस्ती. तिथे पंच पैलवानांच्या उरावर उभा! त्यामुळे मास्तर भित्रे ठरले. नावच पडलं, पयते मास्तर, म्हणजे पळणारे मास्तर.

"मास्तर, शिट्टी मारून पयता कायले?"

"पयत नाही बापा, जाग्यावर जाऊन राह्यलो," मास्तर धुमसत सांगत.

शेवटी मैदान देणाऱ्या देशमुखांनी बजावलं, की किन्हीराजा गावाशी होणाऱ्या सामन्यात फाउल दिला तिथेच मर्दासारखं उभं राहायचं, नाहीतर शिट्टी दुसऱ्याकडे. दुसऱ्या कोणाकडे? अख्ख्या गावात नियम पाठ होते फक्त मास्तरांना! बायको गेल्यावर मास्तरांना उरलं होतं काय, तर मुलगा मधू आणि ती शिट्टी.

सामना संपत आला असताना मधूने समोरच्याला ढकललं. त्याचा पाचवा फाउल, म्हणजे तो बाद. शिट्टी बापाचीच. मास्तर टेबलाकडे आले, नंबर दाखवला आणि देशमुखांच्या डोळ्यांदेखत थेट बास्केटखाली गेले. माझी मान ताठ झाली.

मधू मात्र हलेना. तेव्हाच्या नियमाप्रमाणे फाउल कबूल करायला वर केलेला हात तसाच. लोक त्याला नाही नाही ते बोलत होते. मास्तरांनी जागा सोडली. त्याच्यापाशी जाऊन म्हणाले, "हात खाली घे, राजा." मग त्याला बाकापर्यंत नेऊन बसवलं.

लोकांनी टाळ्या पिटल्या. देशमुख म्हणाले, "आता मास्तर मरद झाला. शिट्टी त्याच्याकडेच राहू द्या." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मास्तर मान खाली घालून टेबलापाशी आले. "बाई, लिहून ठेवा. पंच जाग्यावर नव्हता."

मी लिहिलं नाही. गुणांचा एवढा एकच तक्ता मी आयुष्यात जाणूनबुजून अपुरा ठेवला.