दाराची चौकट वाकली कशी

कुल्पाश आपा घरात शिरली की बूट नंतर काढते, आधी भावजयीला नखशिखांत न्याहाळते. त्या दिवशीही एक पाय बुटात आणि एक बाहेर अशा अवस्थेत, भिंतीला धरून, ती म्हणाली, "झाउरेश, फुगलीस गं. मागच्या बारशाला तुझी मान तरी दिसत होती."

आता हे बोलणारी बाई स्वतः काही शेवग्याची शेंग नव्हती. पण तिचं वजन म्हणजे हृदयाच्या गोळ्यांची सूज, आणि झाउरेशचं वजन म्हणजे खादाडपणा, असा न्याय या घरात सून आल्या दिवसापासून चालत आलेला. झाउरेश तराझ शहरातल्या पोस्टात खिडकीवर बसते. पेन्शनच्या दिवसांत तिला पाणी प्यायलाही उठता येत नाही. घरी आलं की पीठ मळायचं, आल्यागेल्याला चहा करायचा, सगळ्यांची जेवणं झाली की ताटांत उरलेलं, टाकवत नाही म्हणून, उभ्या उभ्या तोंडात टाकायचं. हे कुणी बघत नाही. कंबर मात्र सगळे बघतात, आणि बघून गप्पही बसत नाहीत. बरं, उलट बोलावं तर नणंद वयानं मोठी. म्हणून झाउरेशनं चहा ओतला आणि राग किटलीवर काढला.

नेमकं तेव्हाच लेकीचं, मोल्दिरचं, लग्न ठरत होतं. मुलगा दूरच्या पावलोदार शहरातला. सोयरीक पक्की करायला त्याच्याकडची मंडळी येणार, आणि रीतीप्रमाणे दोन्ही विहिणी भरल्या पंगतीत एकमेकींना आपल्या हातानं आहेराचा अंगरखा घालणार. पूर्वी यात काही धोका नव्हता. शापान म्हणजे ढगळ झगा, घातला की जाड काय नि बारीक काय, सगळ्या बायका सारख्याच. पण हल्ली मेली फॅशन आली. मखमल हवी, कमरेत आवळलेली हवी, पुढे चांदीचे आकडे हवेत. त्याला माप लागतं. आणि विहिणीला तोंडानं माप विचारणार कोण? मग मुलांकरवी उंची विचारायची आणि एक उभा फोटो मागवायचा, अशी पळवाट लोकांनी काढली आहे.

तिकडून झाउरेशचाही उभा फोटो मागवला गेला. ती तडक बाजारातल्या स्टुडिओत गेली आणि फोटोवाल्याला म्हणाली, "थोडं आत घे." त्यानं संगणकावर कंबर आत ओढली, हनुवटी एकच ठेवली, दंड निम्मे केले. घरी आल्यावर तिनं तो फोटो नवऱ्याला दाखवला. केंजेबेक लोकांच्या घरी दारं-खिडक्या बसवतो. त्यानं बराच वेळ फोटो पाहिला, पार डोळ्यांजवळ नेला. झाउरेशला वाटलं, आता काहीतरी गोड बोलणार.

"तुझ्या मागच्या दाराची चौकट वाकलीये," तो म्हणाला. "कुणी गाढवानं बसवली?"

फोटो पावलोदारला गेला. तिकडून विहिणीचा, नाझिपाबाईंचा, फोटो आला, आणि झाउरेशनं कपाळावर हात मारून घेतला. फोटोतल्या बाईचे गाल तेलात टम्म फुगलेल्या बाउरसाकच्या गोळ्यांसारखे होते, खांदे भरदार, पोट ऐसपैस. म्हणजे आपल्यातलीच निघाली की. आधी कळलं असतं तर खरा फोटो बिनधास्त पाठवला असता. मोल्दिरनं सासूला फोनवर तोंडापुरतंच पाहिलेलं, आणि कॅमेरा तर काय, जवळून सगळ्यांचीच तोंडं फुगवतो. झाउरेशनं शिंपिणीला सांगितलं, सढळ हातानं काप, वर दोन बोटं जास्त सोड, विहिणीला आवळता कामा नये.

आठवड्याभरात मोल्दिरचा फोन आला. ती खुशीत होती. सासूबाई म्हणत होत्या की तुझ्या आईची कंबर बघून शिंपीण चाट पडली, इतकी मखमल उरली की त्यातून टोपीही निघाली.

"टोपी तरी बसेल ना?" एवढंच झाउरेश म्हणाली. लेकीला वाटलं, आई गंमत करते आहे.

मग उपास सुरू झाले. पण तराझमध्ये उपास करायचा म्हटला तर घराला आतून कुलूप लावून बसावं लागेल. नुसती चावी द्यायला शेजारणीच्या दारात उभं राहिलं तरी ती पाव पुढे करते, आणि तुकडा मोडल्याशिवाय परत फिरायचं नसतं. पोस्टात कुणाला नातू झाला, कुणाच्या पोराला कामावर घेतलं, रोज काही ना काही मिठाई. नको म्हटलं तर बायका विचारतात, आजारी आहेस का, की आमच्या हातचं चालत नाही? खाल्लं तर त्याच बायका पाठीमागून म्हणतात, हिला बाई तोंडाचा ताबाच नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी झाउरेशनं बाजारातून पोट आवळायचा पट्टा आणला. तिनं मधलं माप मागितलं होतं. विकणारीनं एक शब्द न बोलता सगळ्यांत मोठं माप बांधून दिलं, आणि तो अपमान झाउरेशच्या जिव्हारी लागला.

पाहुणे आले त्या दिवशी पट्टा अंगावर होता आणि श्वास कसाबसा गळ्यापर्यंत येत होता. गाडीतून आधी मुलाचे वडील उतरले, मग त्यांची भावजय, म्हणजे नाझिपाबाईंची जाऊ, मग एक काटकुळी बाई उतरली. झाउरेश तिच्या मागे बघत राहिली, नाझिपाबाई कधी उतरतायत म्हणून. काटकुळी बाईही झाउरेशच्या मागे बघत होती, घरमालकीण कधी बाहेर येतेय म्हणून. मग मोल्दिरनं ओळख करून दिली. दोघींनी एकमेकींना मिठी मारली आणि मिठीतच दोघींना घाम फुटला.

पंगत बसली. सोयरीक पक्की व्हायची तर काळीज आणि मेंढीच्या शेपटीची चरबी एकमेकांना भरवायची; त्याला नाही म्हणणं म्हणजे लग्नालाच नाही म्हणणं. पट्ट्यातून चरबी खाली उतरेना, पण लेकीसाठी झाउरेशनं डोळे मिटून घास गिळला. डोळे उघडले तर समोर नाझिपाबाई चरबीचा एक घास संपवून दुसरा मागत होत्या. त्या आवडीनं खात नव्हत्या. शाळकरी पोरगी परीक्षेचं पाठ करते तशा, खाली मान घालून खात होत्या.

शेजारून त्यांची जाऊ सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "खा, खा. लोकांना वाटतं आम्ही तुला घरात काही देतच नाही."

झाउरेशनं ते ऐकलं आणि तिच्या हातातला घास हातातच राहिला. सूर ओळखीचा होता. तोच तो.

मग आहेर आले. नाझिपाबाईंनी मखमली अंगरखा पसरला. झाउरेशनं हात घातले आणि बाह्या कोपराच्या खाली चढेनात. पाठीत काहीतरी टरकन उसवलं. तिनं तशीच, दंड आखडून, आपला अंगरखा विहिणीच्या खांद्यावर टाकला. नाझिपाबाई त्यात दिसेनाशा झाल्या. बाह्यांतून बोटंसुद्धा बाहेर येईनात. मोल्दिरचा चेहरा पांढराफटक पडला. लेकीच्या आयुष्याची सुरुवात अशी, चार लोकांच्या हसण्यानं होणार होती, आणि ती कुणाच्या पोटामुळे, तर आईच्या.

कुल्पाश आपा थांबणार थोडीच. "मी तरी ओरडून सांगत होते, कमी खा," ती म्हणाली.

"आणि मी हिला सांगत होते, जास्त खा," तिकडची जाऊ म्हणाली.

झाउरेशच्या डोक्यात सणक गेली. पट्टाही त्याच क्षणी सुटला असावा, कारण आवाज पोटातून आला.

"आपा, आम्ही काय जत्रेतली मेंढरं आहोत, पाठ चाचपून भाव करायला? या घरात आल्यापासून तुम्ही मला एकदा विचारलं नाहीत, की झाउरेश, जेवलीस का. फक्त वजन विचारलंत. तुमच्या तोंडाला भिऊन मी फोटोत अर्धी झाले. आणि या बाईकडे बघा. त्या कुणाला भिऊन दुप्पट झाल्या, त्यांनाच विचारा."

नाझिपाबाईंनी मान वर केली. एकदा जावेकडे पाहिलं, एकदा अंगावरच्या तंबूकडे.

"नातवाकडून फोटोत गाल फुगवून घेतले," त्या हळूच म्हणाल्या. "म्हटलं, विहिणीनं तरी मला आजारी समजू नये."

मग त्यांनी तंबू उतरवला आणि झाउरेशच्या खांद्यावर घातला. दोन बोटं जास्त सोडलेली, ती नेमकी उपयोगी पडली. झाउरेशनं उसवलेली मखमल त्यांना चढवली. कमरेत बेतशीर बसली, टोपीसकट. आपापले पैसे खर्चून शिवलेला आहेर फिरून आपापल्याच अंगावर आला होता, पण दोघींच्या ते लक्षात येईपर्यंत मुलाच्या वडिलांनी गंभीरपणे जाहीर केलं की जिवाभावाच्या विहिणी असंच अंगावरचं काढून देतात, ही फार जुनी रीत आहे. पंगतीतल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. एकानं तर आपल्या आजीच्या वेळी असंच झाल्याचंही सांगितलं. मोल्दिर हसली, आणि झाउरेशनं पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

नंतर सगळ्यांचा एकत्र फोटो निघाला. फोटोवाला तोच, बाजारातला. थोडं आत घेऊ का, असं त्यानं विचारलं, तेव्हा दोन्ही विहिणींनी त्याला असा काही दम भरला की त्यानं कॅमेरा पोटाशी धरला.

फोटो घरी आला. झाउरेश होती तेवढीच होती, नाझिपाबाई होत्या तेवढ्याच. झाउरेश समाधानानं बघत होती, तेवढ्यात केंजेबेकनं फोटो ओढून घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

"ही चौकट तर मी स्वतः बसवलीये," तो चिडून म्हणाला. "ओळंबा लावून. ही वाकेलच कशी?"

चौकट वाकली होती ती डाव्या टोकाला, नेमकी कुल्पाश आपाच्या कमरेपाशी. आपा फोटोत शेवग्याची शेंग झाली होती. लोकांची नजर चुकवून फोटोवाल्याला गाठलं असणार तिनं.

झाउरेशला आधी हसू आलं. मग ते तिथंच अडकलं. या वयात, हृदयाच्या गोळ्या खाणाऱ्या बाईला, चोरून स्टुडिओत जावंसं वाटावं? रागानं तिचे कान तापले, पण हा राग आपावरचा नव्हता.

"अहो," तिनं नवऱ्याला विचारलं, "आपाला लहानपणी जाडी कोण म्हणायचं?"

केंजेबेकनं फोटो खाली ठेवला आणि तो दाराची चौकट तपासायला उठला.