रिकाम्या फुग्यातलं वाक्य

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "आता बारीक टायपाची पुस्तकं थोडी कमी करा," आणि सर घाबरले. थोडी म्हणजे नेमकी किती, हे विचारायचं राहूनच गेलं होतं. चौतीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला असली मोघम सूचना पचत नाही. (विद्यार्थी त्यांना 'तरीपण सर' म्हणत. निष्कर्ष फळ्यावर लिहून झाला की सर दोन पावलं मागं सरकत, त्याच्याकडे संशयानं बघत आणि म्हणत, "तरीपण...") शेवटी सरांनी एक साधासा निर्णय घेतला. यापुढे चित्रांचीच पुस्तकं वाचायची.

सार्वजनिक वाचनालयात जिन्याखाली कलेच्या पुस्तकांचं कपाट होतं. इतकी वर्षं सर त्याला वळसा घालून पुढं जात आले होते. आता ते त्याच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि शिस्तीत पहिल्या खणापासून सुरुवात केली. गुहेच्या भिंतीवरचे बैल झाले, कापडाच्या गुंडाळीवर रंगवलेल्या गोष्टी झाल्या, लाकडी ठशांची चित्रं झाली आणि तीन महिन्यांनी सर कॉमिक्सच्या इतिहासाला येऊन भिडले. त्या दिवशी जेवताना त्यांचा घास दोनदा हातातच राहिला.

"काय झालं? खडा लागला?" बायकोनं विचारलं.

"अगं, एका चौकटीत माणूस दाराबाहेर आहे आणि पुढच्या चौकटीत खुर्चीत बसलेला. आत आला कधी, ते कुणी काढलेलंच नाही! ते आपण काढतो. मनात."

"बरं. ताट मात्र मनात उचलू नका. खरोखरीचं उचला."

बायकोची तक्रार अशी काही नव्हती. सर रोज दहा ते एक वाचनालयात असत आणि निवृत्तीनंतरच्या संसारात हे तीन तास तिच्या हक्काचे होते. सरांचं तर जगच आता त्या तीन तासांत मावलं होतं. कॉलेज सुटलं, मित्र एकेक करून सुटले. राहिलं होतं ते वाचनालयाचं कार्ड. एकोणतीस वर्षांत त्याच्यावर एक डाग नव्हता, एक पुस्तक उशिरा गेलं नव्हतं.

उलट सर वाचनालयाची गुपचूप सेवाच करत. कुणी पुस्तकात पेन्सिलीनं रेघा ओढल्या असतील तर ते आपल्या खोडरबरानं त्या पुसून टाकत. हे काम ते दुपारी आरामखुर्चीत, चष्मा कपाळावर सरकवून, जवळजवळ डोळे मिटूनच करत. हाताला वळण पडलं होतं.

एका दुपारी असंच, कॉमिक्सच्या इतिहासाचा तो पाटासारखा जाड ग्रंथ मांडीवर घेऊन सर पुसत होते. पुसता पुसता डुलकी लागली. जाग आल्यावर त्यांनी चष्मा नाकावर घेतला आणि पानावर वाकून पाहिलं.

पानभर एकच चित्र होतं. स्वयंपाकघर. बायको पाठमोरी, ओट्याशी. टेबलाजवळ टोपी हातात घेऊन उभा असलेला नवरा, तोंड उघडं. त्याच्या तोंडातून निघालेला मोठा थोरला संवादाचा फुगा आणि फुग्यात... काही नाही. कोरा करकरीत. वर खोडरबराचा चुरा.

सरांनी पुस्तक फटकन मिटलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि हाक मारली, "अगं, ऐकतेस का! मी एका माणसाची वाचा घालवली!"

बायको हात पुसत आली. सगळं ऐकून घेतलं. "छापलेलं कधी रबरानं जातं का हो?"

"तरीपण," सर म्हणाले, "तपासलं पाहिजे."

त्यांनी त्या दिवशीचं दुसरं वर्तमानपत्र टेबलावर पसरलं आणि घड्याळ लावून एका मजकुरावर बारा मिनिटं खोडरबर चालवलं. अक्षरं आधी फिकी झाली, मग काळपट झाली आणि शेवटी कागदासकट गेली.

"बघ," सर खुर्चीत कोसळत म्हणाले. "जातं."

"बघतेय," बायको म्हणाली. "माझं शब्दकोडं गेलं."

आता प्रश्न एवढाच होता की पुढं काय. वाचनालयाच्या दारातच पाटी होती: पुस्तकात लिहिणाऱ्या किंवा खाडाखोड करणाऱ्या प्रौढ सभासदाचं सभासदत्व तत्काळ रद्द. सबबी ऐकल्या जाणार नाहीत.

"कार्ड गेलं तर?" सरांनी हळूच विचारलं.

"तर तुम्ही दहा ते एक घरात." बायकोनं क्षणभर ते चित्र मनात काढून पाहिलं आणि ती खुर्ची ओढून बसली. "हे बघा, घाबरायचं नाही. काय लिहिलं होतं तिथं, आठवा."

सरांनी डोळे मिटले. काहीतरी होतं, एवढं नक्की. दोन शब्द असावेत. पण कोणते?

"आठवत नाही."

"मी सकाळी काय आणायला सांगितलं होतं ते तरी आठवतंय का?"

"काय?"

"जाऊ दे. आपणच लिहू काहीतरी. पेन्सिल घ्या."

सरांना ते पटेना. एक गुन्हा झाकायला दुसरा? पण पुढच्या वाचकाला मुका नवरा द्यायचा, हाही अन्यायच. शेवटी असं ठरलं की वाक्य भरायचं, आणि उद्या जाऊन कबुलीही द्यायची. म्हणजे पुस्तकाचंही भलं आणि मनाचंही. सरांनी अर्धा तास विचार करून मसुदा वाचून दाखवला. "'मला वाटतं, या विषयाचा आपण सर्व बाजूंनी पुन्हा एकदा विचार करावा.'"

"बायकोशी असं कोण बोलतं?"

"मी बोलतो."

"म्हणून तर विचारतेय." तिनं पुस्तक उघडून चित्र आपल्याकडे वळवलं आणि त्या टोपीवाल्याला नीट न्याहाळलं. "पाठमोऱ्या बायकोमागं येऊन नवरा तोंड उघडतो तो एकाच गोष्टीसाठी. लिहा. 'माझा चष्मा कुठंय?'"

"पण त्याला चष्मा नाहीये."

"म्हणूनच विचारतोय ना!"

या युक्तिवादात सरांना एकही भोक सापडलं नाही. त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं, श्वास रोखला आणि आधीच्या पानांवरच्या फुग्यांतल्या अक्षरांचं वळण पाहून फुग्यात वाक्य कोरलं. काम इतकं सुबक झालं की पाच मिनिटं त्यांना स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोघंही वाचनालयात गेली. (बायको यासाठी, की सर कबुली द्यायला लागले तर ती एक वाजेपर्यंत संपणार नाही.) ग्रंथपालबाई टेबलाशी पुस्तकांना कव्हरं घालत होत्या. सरांनी ग्रंथ त्यांच्यापुढं ठेवला, वर आपलं कार्ड ठेवलं.

"माझ्या हातून एक लेखी आणि एक अलेखी, असे दोन अपराध घडलेत. त्यांतला पहिला कोणता मानावा, यावर..."

"ह्यांनी खोडलं, मग आम्ही लिहिलं," बायको म्हणाली.

ग्रंथपालबाईंनी पान उघडलं. वाक्य वाचलं. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्यांनी तो जागेवर आणला.

"सर, हे पान पाहिल्यावर तुम्ही पुढचं पान उलटलंत?"

"छे! पुराव्याला हात कसा लावायचा?"

बाईंनी पान उलटलं आणि मोठ्यानं वाचलं. "'या चित्रकारानं फुगा मुद्दाम कोरा ठेवला. या नवऱ्याची नोकरी सुटली आहे आणि ते बायकोला सांगायला त्याच्याकडे शब्द नाहीत. चित्रकथेच्या इतिहासात न बोललेलं वाक्य प्रथमच छापलं गेलं.'"

बायकोनं वाकून तो टोपीवाला पुन्हा एकदा पाहिला. "अरे देवा," ती हळूच म्हणाली. "आणि आपण त्याला चष्मा शोधायला लावला."

"तरीपण," सरांचा आवाज बारीक झाला होता, "मी काहीतरी पुसलं. चुरा होता. दोन शब्द होते!"

"होते की. गेल्या महिन्यात शाळेची सहल आली होती. कुणीतरी तिथं 'भूक लागली' असं लिहून गेलं. दरवर्षी कुणी ना कुणी लिहितंच, कोरी जागा दिसली की राहवत नाही. मी पुसणारच होते. ते तुम्ही पुसलंत, आभारी आहे. पण नंतर..." त्यांनी दाराकडच्या पाटीकडे पाहिलं.

सरांनी कार्ड दोन बोटांनी पुढं सरकवलं. बायकोनं त्यांच्या कोपराला हात लावला.

ग्रंथपालबाईंनी कार्ड उचललं, उलटसुलट पाहिलं आणि परत त्यांच्या खिशात ठेवलं. "अठरा वर्षं या टेबलावर आहे. या पानावर लिहिणारा प्रौढ सभासद मला अजून भेटलेला नाही. हे नेहमी बालविभागातलंच प्रकरण असतं. तेव्हा ते तिथंच नोंदवू." त्यांनी खणातून एक फिकट पिवळा फॉर्म काढला. "मुलांना आम्ही काढत नाही. समज देतो आणि पालकांची सही घेतो."

सरांचा जीव भांड्यात पडला. "पण माझे पालक तर..."

"आहेत की," बाई म्हणाल्या आणि फॉर्म सरळ बायकोपुढं सरकवला.

बायकोनं पदराला हात पुसले, पेन घेतलं आणि शाळेतल्या सभेला आल्यासारखी ताठ बसून एकेक रकाना भरू लागली. पाल्याचं वय लिहिलं. वर्तणुकीपुढं 'एरवी शांत' असं लिहिलं. शेवटचा प्रश्न होता: पाल्यास स्वतः वाचता येते काय?

सर टाचा उंचावून बघत होते. दोन पदव्या, एक डॉक्टरेट, चौतीस वर्षं अध्यापन.

बायकोनं त्यांच्याकडे एकदा वळून पाहिलं, थोडा विचार केला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'येते. पण पान उलटत नाही.'