रोषणाईला इलेक्ट्रिशियन कशाला?

"इलेक्ट्रिशियनला फोन करू नकोस, मी आहे," असं मी बायकोला म्हणालो तेव्हा माझ्या अर्ध्या गालाला साबणाचा फेस होता. अर्धी दाढी झालेल्या माणसाने कुठलाही निर्णय घेऊ नये, हे मला आता पटलंय. पण त्या सकाळी माझ्या अंगात काय संचारलं होतं कोण जाणे.

प्रसंगच तसा होता. वर्षअखेरच्या सुट्टीत सासूबाई दरवर्षी माझ्या साडूकडे जातात. साडू इंजिनिअर आहे. त्याच्या घरातले पडदेसुद्धा बटण दाबलं की सरकतात. आमच्या घरात बटण दाबलं की कधीकधी बटणच हातात येतं. आम्ही हे घर घेतल्याला तीन वर्षं झाली, पण सासूबाईंनी ते अजून पाहिलंही नव्हतं. बायको यावर तोंडाने काही बोलत नसे. फक्त आईचा फोन ठेवला की उगाचच कपाट आवरायला घ्यायची. (मला घरातलं फारसं काही दिसत नाही, पण ते दिसायचं.) म्हणून यंदा मीच फोन लावला.

"आई, यंदा घरावर पिक्सेल लाइट लावतोय. अख्खं घर रंग बदलणार. तुम्ही सुट्टीभर आमच्याकडेच या."

पलीकडून प्रश्न आला, "तुम्ही स्वतः लावणार?"

"स्वतः."

"येते. दोन दिवस बघते. नाहीतर धाकटीकडे जाईन."

तर अशी ही दोन दिवसांची मुदत. बायको त्या दिवशी स्वयंपाकघरात गुणगुणत होती. आता माघार घेणं शक्यच नव्हतं.

पिक्सेल लाइट म्हणजे असं की माळेतला प्रत्येक दिवा आपला आपला रंग बदलतो. कुणी कधी कुठला रंग घ्यायचा हे ठरवते एक डबी. तिला म्हणतात कंट्रोलर. डबी घरच्या वायफायला जोडायची, की खुर्चीत बसून मोबाइलवरून घराला लाल हो, हिरवं हो असे हुकूम सोडता येतात. (घरात माझा हुकूम मानणारी एक तरी वस्तू असावी, ही माझी जुनी इच्छा.) मी अशा दोन डब्या आणल्या. एक वरच्या मजल्याच्या माळांना, एक फाटकाच्या.

मी ऑफिसात आवक-जावक विभागात एकवीस वर्षं काढली आहेत. आलेल्या कागदावर नंबर टाकायचा, गेलेल्या कागदावर नंबर टाकायचा, संध्याकाळी दोन्ही टॅली झाले की घरी. त्या शिस्तीत मी डब्यांवर एक आणि दोन अशा चिठ्ठ्या चिकटवल्या आणि शिडीवर चढलो. दोन वाजेपर्यंत सगळ्या माळा बांधून झाल्या. बायको खाली पुस्तिका हातात घेऊन उभी होती.

"अहो, या माळांवर बारीक बाण आहेत."

"असू देत."

"ते सगळे डबीकडे तोंड करून आहेत. पुस्तिकेत लिहिलंय, डबीकडे पाठ पाहिजे."

सगळ्या माळा सोडल्या, उलट्या केल्या, पुन्हा बांधल्या. साडेचार वाजले. सासूबाईंची टॅक्सी सातला येणार होती.

पायऱ्यांवर बसून मी मोबाइलवर ते ॲप उघडलं. ॲपने लगेच सांगितलं, "दोन कंट्रोलर सापडले." मला भरून आलं.

"पण चौथ्या पानापासून नवव्या पानापर्यंत," बायको म्हणाली, "प्रत्येक डबीला वायफायचा पासवर्ड कसा द्यायचा ते लिहिलंय."

"अगं, सापडलेत ते. सापडलेल्याला पुन्हा कशाला शोधायचं?"

"एकदा वाचून तर बघा."

"डब्या दोन, नावं दोन. टॅली झालं. आमच्याकडे एवढ्यावर साहेबांची सही होते."

आणि मी लाल दाबलं. आमचं घर होतं तसंच राहिलं.

"गल्ली जरा लालसर वाटतेय का हो?" बायकोने विचारलं.

"सूर्य मावळतोय."

मी हिरवं दाबलं. सूर्य हिरवा मावळत नाही हे मलाही कळतं, पण तेव्हा मी मान खाली घालून डबी नंबर एकची वायर हलवत होतो. तेवढ्यात समोरच्या घरातले काका आमच्या फाटकातून आत आले.

काका निवृत्त ग्रंथपाल. त्यांच्या घरासमोरून जाताना भाजीवालासुद्धा आवाज खाली घेतो. माझी खरेदी पाहून त्यांनीही त्याच दुकानातून तशाच दोन डब्या आणल्या होत्या आणि परवापासून त्यांच्या घरावर पांढरा, स्थिर, अभ्यासिकेला शोभेल असा उजेड होता.

"जरा येता का?" काका हळूच म्हणाले. "आमचं घर रंग बदलतंय. मी काही केलेलं नाही."

मला कुणी सल्ला मागायला येणं हे वर्षातून एकदा होतं. मी मोबाइल बायकोच्या हातात दिला, "तू एकेक बटण दाबत राहा, कशाने तरी लागेल," असं बजावलं आणि समोर गेलो. काकांच्या डबीसमोर उकिडवा बसून मी डॉक्टरसारखा तिला कान लावला.

बायको गल्लीपलीकडून म्हणाली, "इंद्रधनुष्य दाबलंय. आपलं लागलं का?"

"आपलं नाही. पण काकांचं जास्तच बिघडलंय. आता सात रंग दिसतायत."

"काय झालं असेल?" काकांनी विचारलं.

"डबीत ओल गेलीय."

"ओल गेली की रंग असे ओळीने येतात?"

"ही पहिली स्टेज," मी म्हणालो. (मला कुणी काही विचारलं की उत्तर आपोआप येतं. ते कुठून येतं हे मी आजवर तपासलेलं नाही.)

"आता पळते दिवे दाबते," पलीकडून बायको.

काकांच्या छपरावरून दिवे पळायला लागले. "ही दुसरी," मी काकांना गंभीरपणे सांगितलं.

"अहो, इथे वेग म्हणून आहे. वाढवू का?"

"वाढव, शेवटपर्यंत ने. काहीतरी पेटेलच."

त्यानंतर काकांच्या घराने जे काय केलं, ते मी शब्दांत सांगू शकत नाही. छप्पर गरगरत होतं, खिडक्या लुकलुकत होत्या, तुळशीएवढ्या लहान झुडपावरूनसुद्धा जांभळ्या लाटा जात होत्या. गल्लीतली माणसं जमली. काकू बाहेर येऊन टाळ्या वाजवायला लागल्या. काकांनी त्यांच्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं, पण काकूंनी ऐकलं नाही. मी काकांना उद्या सकाळी डबी उन्हात ठेवायला सांगितली आणि घरी परतून शिडीवर चढलो. मधल्या वेळात मी आमच्या माळा डबीतून काढून थेट भिंतीतल्या प्लगला लावून पाहिल्या. टप्प असा एक बारीक आवाज आला. (हे बायकोला माहीत नाही. तुम्हीही बोलू नका.)

सातला पाच मिनिटं असताना टॅक्सी आली. रंग बदलणारं घर, एवढीच खूण मी सासूबाईंना सांगितली होती. टॅक्सी अर्थातच काकांच्या दारात थांबली. मी शिडीवरून बघत होतो. सासूबाई उतरल्या, मान वर करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. अकरा वर्षांत माझ्यामुळे तो चेहरा असा झालेला मी पाहिला नव्हता. काकूंनी हसून त्यांचा हात धरला आणि सासूबाई बॅगेसकट काकांच्या घरात गेल्या.

"अहो, खाली उतरा," बायको अगदी शांतपणे म्हणाली. तिने मोबाइलवर निळं दाबलं. काकांचं घर निळं झालं. पिवळं दाबलं. पिवळं झालं.

मी शिडीची पायरी घट्ट धरली.

"दोन महिन्यांपूर्वी काकूंचं इंटरनेट बंद पडलं होतं," ती म्हणाली, "तेव्हा मी त्यांना आपला पासवर्ड दिला होता. त्यांच्या दोन डब्या आपल्या वायफायवर आहेत. आपल्या दोन कशावरच नाहीत."

टॅली झालं होतं, फक्त कागद दुसऱ्याचे होते. मी तिच्या हातून मोबाइल घेऊन समोर धावलो. सासूबाई काकांच्या कोचावर बसून चहा पीत होत्या.

"घर छान ठेवलंय हो," त्या म्हणाल्या. "एवढी पुस्तकं तुम्ही वाचता?"

"आई, हे आपलं घर नाही. आपलं समोरचं."

त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. "तो अंधार?"

"हो. पण हे इथले दिवे मीच चालवतोय. दीड तास."

काकांनी कप खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला असावा. "आणि ओल?"

"ते नंतर बोलू," मी म्हणालो. "आई, थांबा, दाखवतोच." आणि मी सगळा जोर लावून बटण दाबलं. गडबडीत ते बंदचं निघालं. छप्पर, खिडक्या, झुडूप, सगळं एकदम गप्प झालं. बाहेर जमलेली माणसं हळहळली.

"बंद तुम्ही करू शकाल, याबद्दल मला कधीच शंका नव्हती," सासूबाई म्हणाल्या.

दिवे मग बायकोने येऊन लावले. दुसऱ्या दिवशी तिने बोलावलेला इलेक्ट्रिशियन आला. त्याने आमच्या माळा एकदा हुंगल्या आणि पिशवीत भरून घेऊन गेला. रोषणाईचा विषय आमच्या घरापुरता संपला. काकांनी मात्र पांढरा उजेड परत मागितला नाही. काकूंना रंग आवडले होते. रोज सातच्या ठोक्याला मी व्हरांड्यात बसून समोरचं घर लावायचं, असं त्या दोघींनी ठरवून टाकलं. (दोघी म्हणजे काकू आणि माझी बायको. मला फक्त वेळ कळवण्यात आली.)

दोन दिवस संपले. सासूबाईंची बॅग दाराशीच उभी होती आणि बायको पुन्हा कपाटाभोवती घोटाळायला लागली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी साडूचा फोन आला. आम्ही दोघं दाराआड कान लावून उभे राहिलो.

"नाही हो, यंदा नाही येत तुमच्याकडे," सासूबाई व्हरांड्यातल्या खुर्चीत पाय पसरून सांगत होत्या. "सुट्टीभर इथेच राहते म्हणते."

बायकोने माझा हात दाबला. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. खरं सांगतो, मलाही फार बरं वाटलं. छाती जरा पुढे काढून मी व्हरांड्यात पाऊल टाकणार, तोच साडूने पलीकडून कारण विचारलं असावं.

"कारण म्हणजे," सासूबाई म्हणाल्या, "इथून समोरची रोषणाई फार सुंदर दिसते. आणि जावयांनी स्वतःच्या घरावर एकही दिवा लागू दिलेला नाही, त्यामुळे नजरेच्या मधे काही येत नाही."