वाफेच्या जहाजाला मनाई

जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका तेलगिरणीत रामकिसन बॉयलर सांभाळत होता. जादा वाफ बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह तारेने आवळून बांधलेला होता. हे बरं नव्हे, म्हणून रामकिसनने तपासणीसाठी सरकारी कार्यालयात अर्ज केला होता आणि अर्ज विचाराधीन होता. विचार कोण करत होतं, हे कार्यालयालाही ठाऊक नव्हतं.

त्याची बायको गोजरबाई त्या दिवसांत दुसऱ्याच वाफेत होती. १९९७ साल. मस्तगडच्या वाचनालयात एक कादंबरी आली होती आणि निम्म्या गावाला तिनं वेड लावलं होतं. धुक्यात बुडालेलं शहर, पितळी चाकं, वाफेवर उडणारं जहाज, त्याचा कप्तान आणि त्याच्यावर भाळलेली घड्याळजीची मुलगी. कप्तानाच्या गालावर काजळीचा एक ठिपका असे, घड्याळजीची मुलगी तो बोटाने हळूच टिपून घेई. गोजरबाईच्या अंगावर शहारा यायचा. तेवढ्यात रामकिसन कामावरून येई, नखशिखांत काळा.

"टावेलाला हात लावू नगा, आत्ताच धुतलाय!" ती ओरडे.

पण नवऱ्यावर जीव होताच. एक दिवस ती स्वतः कार्यालयात गेली. निरीक्षक तातेराव साहेब फायलीत डोकं खुपसून बसले होते. फायलीच्या आत तीच कादंबरी होती.

"साहेब, आमच्या ह्यांच्या बॉयलरचा व्हॉल्व्ह..."

"थांबा बाई! हितं कप्तानाचा व्हॉल्व्ह अडकून राह्यला!" साहेबांना घाम फुटला होता. "बिगर लायसनचा माणूस हवेत गेलाच कसा?"

साहेब कर्तव्यदक्ष. त्यांनी त्याच पानावर शेरा मारला: "सदर जहाज पुढील आदेशापर्यंत बंद ठेवण्यात यावे." खाली सही, शिक्का. आदेशानुसार वाचनालयाने पुढची सगळी पानं सुतळीने बांधून लाखेने मोहोरबंद केली. कप्तानाचं लग्न अगदी तोंडावर आलं होतं.

गावात हाहाकार उडाला. प्रेमाची ही गळचेपी! वकिलांनी निषेध नोंदवला, प्राध्यापकांनी पाठिंबा दिला, बायकांनी मोर्चा काढला. "कप्तानाला न्याय द्या!" गोजरबाई सगळ्यात पुढे होती. आपण कार्यालयात कशासाठी गेलो होतो, हे ती पार विसरली. साहेब हादरले आणि खास बाब म्हणून जहाजाला जागेवरच योग्यता प्रमाणपत्र देऊन मोकळे झाले. सुतळी सुटली, गुलाल उधळला.

त्याच दुपारी गिरणीचा बॉयलर फुटला. रामकिसन वाचला, पण दोन्ही हात भाजले. दवाखान्यात गोजरबाई त्याच्या गालावरची काजळी पदराने पुसत होती आणि रडत होती.

"पदर खराब हून राह्यला की," रामकिसन म्हणाला.

भेटायला येणारे बिस्किटांचा पुडा ठेवत, हाताकडे बघून चुकचुकत आणि हळूच विचारत, "मंग? लगीन झालं का त्यांचं?"

"झालं," ती सांगे. लोक समाधानाने घरी जात.

महिन्याभरात रामकिसनचा अर्जही निकाली निघाला: "बॉयलर अस्तित्वात नसल्याने तपासणीची आवश्यकता उरलेली नाही."

लग्न झालं हे ऐकून तुम्हालाही बरं वाटलं असेल. तार कोणी बांधली होती, हे तुम्ही तरी कुठे विचारलंत?