फिल्टरवरची लाल खूण

पिकअपचं ऑइल यापुढे स्वतःच बदलायचं असं तपासनिसांनी ठरवलं, त्याचं कारण एकच. गॅरेजवाला ते बदलतच नाही, अशी त्यांची खात्री पटली होती. आणि एकदा खात्री पटली की तपासनीस गप्प बसत नसत. (खात्री पटली नाही तरी बसत नसत, पण तेव्हा निदान आवाज जरा खाली असे.)

विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायचे, ही त्यांची नोकरी. गाडीवर झाड पडलं असं कुणी लिहून दिलं, तर हे आधी झाडाची चौकशी करायचे. जन्मभर हेच केल्यावर माणसाला स्वभाव ऑफिसच्या कपाटात ठेवून घरी येता येत नाही. दूधवाला, इस्त्रीवाला, न्हाणीघरातला वजनकाटा, सगळे त्यांच्या लेखी संशयित. बायको तेवढी मोकळी होती, पण तीही जामिनावर.

पिकअप खरं तर बायकोची. तिची रोपांची नर्सरी होती आणि कुंड्या पोचवायला तिने ही गाडी घेतली होती. गाडी अगदी आजच्या काळातली. आपोआप गिअर बदलणारी, पुढे टीव्हीएवढा पडदा, आणि जरा काही झालं की टुंग टुंग करून सांगणारी. जी गाडी इतकं बोलते ती काहीतरी लपवत असणार, असं तपासनिसांना पहिल्या दिवसापासून वाटत होतं.

गाडीचं सगळं काम वस्तादकडे असे. कोपऱ्यावरच्या गॅरेजचा हा मालक, पोट आणि आवाज दोन्ही मोठे. माझ्यासारखा कारागीर होणे नाही, असं स्वतःच सांगायचा, म्हणजे दुसऱ्याला तसदी नको. त्याची शिफारस केली होती मेहुण्याने, आणि तपासनिसांच्या मते त्याच्याविरुद्धचा पहिला मुद्दा हाच होता. दुसरा मुद्दा असा की, वस्ताद काम चालू असताना गिऱ्हाइकाला आत येऊ देत नसे.

"का नाही येऊ देत?" तपासनिसांनी एकदा विचारलं होतं.

"साहेब, ऑपरेशन चालू असताना डॉक्टर तुम्हाला आत बसू देतो का?"

"तिथेही मी विचारलं होतं," तपासनीस म्हणाले.

शेवटी त्यांनी सापळा लावला. सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी बायको नर्सरीत असताना तिची लाल नेलपॉलिशची बाटली घेतली, जुनी चटई अंथरली आणि गाडीखाली सरपटत शिरले. तिथे एक गोल काळा डबा दिसला. फिल्टर गोल असतो आणि काळा असतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी डब्यावर लाल ठिपका दिला. वस्तादने फिल्टर बदलला तर ठिपका जाणार, नाही बदलला तर राहणार. पुरावा म्हणजे असा हवा. बाहेर येताना त्यांना आपल्या बुद्धीचं इतकं कौतुक वाटत होतं की डोकं गाडीच्या पायरीला आपटलं तेही नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी परत आली. "ऑइल, फिल्टर, सगळं नवीन!" वस्तादने ठणकावून सांगितलं. तो वळताच तपासनीस पुन्हा गाडीखाली. ठिपका जिथल्या तिथे, त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होता.

"सापडला लेकाचा!" ते गाडीखालीच म्हणाले.

बायकोला मात्र त्यांनी काही सांगितलं नाही. चौकशी पूर्ण झाल्याशिवाय साक्षीदारांना काही सांगायचं नसतं. शिवाय नेलपॉलिशचा प्रश्न होता.

"माझी लाल बाटली कुठे दिसत नाहीये," जेवताना बायको म्हणाली. "आणि तुमच्या बोटाला हे लाल काय?"

"शिक्क्याची शाई. ऑफिसातली."

"शाई चमकते?"

"हल्ली चमकदार येते."

बायकोने ज्या तऱ्हेने वरणाचं भांडं खाली ठेवलं, त्यावरून जामीन आता कुणाला लागणार हे उघड होतं.

रविवारी सकाळी तपासनिसांनी जाहीर केलं, "आज मी गाडीचं ऑइल बदलणार आहे."

"अहो, गेल्याच आठवड्यात तर बदललं!"

"असं तुला वाटतं."

"हे बघा," बायको कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, "उद्या सकाळी नव्या वाचनालयाची ऑर्डर आहे. पाहुणे यायच्या आत सगळ्या मजल्यांवर माझ्या कुंड्या लागल्या पाहिजेत. आवडल्या तर वर्षभराचं काम मला मिळणार आहे. एवढी मोठी ऑर्डर मला कधी मिळाली नव्हती. गाडीला हात लावायचा नाही."

"बरं," तपासनीस म्हणाले. आणि ती नर्सरीत जाईपर्यंत त्यांनी खरोखरच हात लावला नाही.

तयारी त्यांची जय्यत होती. मोबाइलवर व्हिडिओ बघून झाले होते. ऑइलचे डबे, पाने, हातमोजे आणून ठेवले होते. फिल्टरही आणला होता, पण खोक्यातून नुसती कागदाची घडीदार गुंडाळी निघाली. डबा कुठे आहे? डबा दुकानदाराने काढून घेतला, हे उघड होतं. त्याचा समाचार नंतर घ्यायचं ठरवून त्यांनी गुंडाळी खिडकीत ठेवली.

गाडीची पुढची चाकं लोखंडी उतारावर चढवून ते खाली शिरले. खाली प्लास्टिकचं एक भलंमोठं झाकण होतं आणि त्याला असंख्य खुंट्या. लोकांनी आत बघू नये म्हणूनच कंपनीने ते लावलं आहे, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नाही. काही खुंट्या निघाल्या, काही तुटल्या. आत बोल्ट दोन दिसले. एक पुढे, लहान. एक जरा मागे, मोठा. व्हिडिओतला माणूस एकाच बोल्टबद्दल बोलला होता. तपासनिसांनी विचार केला, मोठा तो मुख्य. (ऑफिसात हाच नियम चालतो आणि तिथेही तो चुकीचाच आहे.)

त्यांनी टब खाली सरकवला आणि मोठा बोल्ट फिरवला. ऑइल भळभळा वाहू लागलं. आणि तपासनीस पडल्या पडल्या ताठ झाले. ऑइल लाल होतं! स्वच्छ, सरबतासारखं लाल. व्हिडिओत तर जुनं ऑइल डांबरासारखं काळं होतं.

"भेसळ!" ते कुजबुजले. म्हणजे वस्ताद जुनं ऑइल तसंच ठेवत होता एवढंच नाही, तर काढून विकत होता आणि त्या जागी कसलं तरी रंगीत पाणी भरत होता. प्रकरण वाटलं होतं त्यापेक्षा खोल होतं. त्यांनी रिकाम्या बाटलीत नमुना भरला, बुचाला चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर सही केली.

मग मोर्चा ठिपकेवाल्या डब्याकडे. डबा हलेना. दोन्ही हातांनी जोर केला, तेव्हा तो कसाबसा फिरला आणि चष्म्यावर, नाकात, कॉलरमध्ये धार आली. वास डिझेलचा! ऑइलमध्ये डिझेल मिसळण्यापर्यंत या माणसाची मजल गेली होती. तपासनिसांनी डबा तसाच आवळला. त्याच्या जागी बसवायला नवा डबा नव्हताच, तो दुकानदाराने ढापला होता.

बोल्ट लावला, बॉनेट उघडलं, नवं ऑइल इंजिनमध्ये ओतलं. डबे रिकामे झाल्यावर मापाची दांडी ओढून बघितली, तर ऑइल वरच्या रेषेच्याही कितीतरी वर. ते थबकले. पण क्षणभरच. ही रेषा मारली कुणी? गाडीच्या कंपनीने. लोकांनी ऑइल कमी घालावं, इंजिनं लवकर बिघडावीत आणि नव्या गाड्या खपाव्यात, हा त्यामागचा डाव त्यांच्या लगेच लक्षात आला. गाडी टुंग टुंग करत होती. त्यांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

बायको घरी आली ती नाक मुरडतच. "डिझेलचा वास कुठून येतोय? गाडीला हात लावलात का?"

"तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

"हा प्रश्न तुमच्या तोंडी शोभत नाही," बायको म्हणाली.

सोमवारी सकाळी गाडी कुंड्यांनी गच्च भरली. बायकोने ठेवणीतले कपडे घातले होते. तिने गाडी सुरू केली, गिअर टाकला, पाय दाबला. इंजिन गरजलं, पण गाडी तसूभर हलली नाही. तिने आणखी दाबलं. मागून निळा धूर असा निघाला की मागच्या पामचं झाड दिसेनासं झालं. पडद्यावर होते नव्हते ते सगळे दिवे लागले.

बायकोने इंजिन बंद केलं. ओरडली नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "खरं सांगा."

"मी काही बिघडवलेलं नाही," तपासनीस म्हणाले. "दुसऱ्याने बिघडवलेलं उघडकीला आणलंय." आणि त्यांनी सगळं प्रकरण सांगितलं. सापळा, ठिपका, भेसळ. शेवटी सही केलेली बाटली तिच्यापुढे धरली.

बायकोने बाटलीकडे बघितलंसुद्धा नाही. तिचे डोळे भरून आले होते. "किती हेलपाटे घातले मी या ऑर्डरसाठी," ती म्हणाली. "कुणालाही वाटत नव्हतं मला जमेल. एक दिवस, फक्त एक दिवस तुम्हाला गप्प बसवलं नाही."

या बाईने तपासनिसांवर कधी दावा लावला नव्हता, आणि आज लावला तो असा की तपासायलाही जागा नव्हती. त्यांनी बाटली पाठीमागे लपवली. बायकोने डोळे पुसले आणि वस्तादला फोन लावला.

वस्ताद आपला जुना खटारा टेम्पो घेऊन आला आणि उतरायच्या आधीच बोलू लागला. "ताई, मला संशय होताच! मागच्या वेळी गाडीखाली चटईच्या काड्या अडकलेल्या मिळाल्या. म्हटलं, ही गाडी दुसऱ्या गॅरेजला जाते. माझ्यासारखा कारागीर असताना!"

"काड्यांचं सोडा," तपासनिसांनी उसनं अवसान आणून बाटली पुढे केली. "हे काय आहे? लाल!"

उत्तर बायकोने दिलं. तिने तेवढ्यात गाडीच्या खणातलं पुस्तक काढलं होतं, आणि ते आजवर कुणीच वाचलं नव्हतं. "गिअरबॉक्सचं ऑइल लालच असतं. इथे चित्र आहे. दोन बोल्टांपैकी मागचा, मोठा."

वस्ताद गाडीखाली जाऊन आला. "गिअरबॉक्स ठणठणीत कोरडा, ताई. आणि इंजिनात दुप्पट ऑइल. माझं नवं अधिक साहेबांचं नवं. आणि त्या डिझेलच्या फिल्टरवर लाल ठिपका कसला आहे?"

"डिझेलच्या?" तपासनीस म्हणाले.

"मग? ऑइलचा फिल्टर वर असतो, इंजिनच्या झाकणाखाली. नुसती कागदाची गुंडाळी."

तपासनिसांना खिडकीतली गुंडाळी आठवली. दुकानदार निर्दोष सुटला. वस्ताद सुटला. कंपनीची दांडीही सुटली.

"पण तो ठिपका कसला?" वस्तादने पुन्हा विचारलं.

"शिक्क्याची शाई," बायको शांतपणे म्हणाली. "हल्ली चमकदार येते."

त्यानंतर कुणी वेळ घालवला नाही. सगळ्या कुंड्या टेम्पोत चढवल्या. पुढे वस्ताद आणि बायको बसले. मागे, कुंड्या कलंडू नयेत म्हणून, पामला मिठी मारून तपासनीस उभे राहिले. पाहुण्यांची गाडी वाचनालयाच्या दारात वळली तेव्हा शेवटची कुंडी जागेवर पोचत होती, आणि ती तपासनिसांच्या डोक्यावर होती. वर्षभराचं काम बायकोला मिळालं. पिकअपही वाचली. ती जागची हललीच नव्हती, हेच तिचं नशीब, असं वस्ताद म्हणाला. दुरुस्तीचा खर्च विम्यातून मिळेल का, हा विचार तपासनिसांच्या मनात आला होता. पण तो दावा त्यांच्याच टेबलावर आला असता, आणि त्यांनी तो नक्की फेटाळला असता.

पुढे काही महिने तपासनिसांनी कुणावरही संशय घेतला नाही. निदान उघड घेतला नाही. मग गाडी पुन्हा सर्व्हिसिंगला गेली. वस्तादने बायकोला आत बोलावून सगळं दाखवलं. तपासनीस बाहेरच्या बाकावर बसले.

संध्याकाळी गाडी घरी आली आणि बायको स्वयंपाकघरात गेली. तपासनीस अंगणात उभे राहिले. संशय अजिबात नव्हता. फक्त, वस्तादने झाकणाच्या खुंट्या नीट बसवल्या आहेत का, एवढं सहज बघावं असं त्यांना वाटलं. त्यांनी चटई अंथरली आणि आत शिरले.

झाकणाच्या कडेला, अगदी पहिल्याच खुंटीवर, जांभळा ठिपका होता. पुढच्या खुंटीवरही. त्याच्या पुढच्या खुंटीवरही. लपवायला काही असल्याशिवाय कुणी खुणा करतं का? वस्तादने काय मांडलंय तरी काय, म्हणून त्यांनी बोटाने ठिपका खरवडून बघितला आणि मुकाट्याने बाहेर आले.

जेवायला बसल्यावर बायकोने त्यांच्यापुढे ताट ठेवलं. तिच्या नखांना जांभळा रंग होता. नवाच दिसत होता.

"बोट बघू," ती म्हणाली.

तपासनिसांनी बोट वर केलं. नखात जांभळा रंग अडकला होता.

"शिक्क्याची शाई," ते म्हणाले.

"अहो," बायको वाढता वाढता म्हणाली, "आज तुमच्या ऑफिसला सुट्टी होती."