करकोच्याची नवी आवृत्ती

एका जंगलात, बालमित्रांनो, एक चित्रशाळा होती. खारी पानांवर चित्रे काढत आणि एक करकोचा ती चोचीने उचलून वेलीवर टांगत असे. हा करकोचा पलीकडच्या रानातला. तेथील पक्षी असे करकोचे शिकवून तयार करत आणि मागेल त्या जंगलाला फुकट देत. फुकट असल्यामुळे तो काम कसे करतो, हे त्याला कोणी कधी विचारले नव्हते.

चित्रशाळेची व्यवस्था एका सायाळीकडे होती. ती फार सावध. आपले काटे मोजल्याशिवाय ती बिळाबाहेर पडत नसे.

एके दिवशी पलीकडच्या रानातून नवा करकोचा आला. त्याच्या पायाला चिठ्ठी होती : ‘आवृत्ती दुसरी. वेग दुप्पट. काही किरकोळ सुधारणा.’

प्रधान कोल्ह्याने लगेच अपडेटचा हुकूम काढला. सायाळीने विचारले, “प्रधानजी, जुन्याचे काय बिघडले आहे?”

“काहीच नाही. पण तो जुना आहे ना, सायाळबाई.”

महाराणी वाघिणीच्या बछड्याचे बारसे चार दिवसांवर आले होते. त्या दिवशी महाराणींचे चित्र लागायचे होते. काही चुकले तर चित्रशाळा माकडांकडे जाईल, असे कोल्ह्याने जाता जाता, अगदी मायेने, सांगून ठेवले.

म्हणून सायाळीने कसून चाचणी घेतली. चाचणीसाठी राखून ठेवलेले पान तिने नव्या करकोच्याला दिले. त्यावर पौर्णिमेचा चंद्र होता. चंद्र निम्म्या वेळात लागला आणि अगदी गोल दिसला. सायाळीचे समाधान झाले. तिने जुन्या करकोच्याला एक मासा देऊन निरोप दिला. तो दक्षिणेकडे उडून गेला.

बारशाला सारे जंगल जमले. नव्या करकोच्याने पान टांगले. महाराणी चारही पाय वर करून डोक्यावर उभ्या होत्या.

टाळ्या फक्त वटवाघळांनी वाजवल्या. इतक्या वर्षांत त्यांना चित्र प्रथमच सुलटे दिसले होते.

करकोचा शांतपणे म्हणाला, “मी बरोबर लावले आहे. जुना प्रत्येक पान उलटे टांगत असे. ती चूक सुधारली. किरकोळच होती.”

तेव्हा सर्वांत म्हाताऱ्या खारीला आठवले. जुना उलटे टांगतो म्हणून तिच्या आजीने चित्रेच उलटी काढायला सुरुवात केली होती. पुढच्या साऱ्या जणी तशाच शिकल्या. लिहून मात्र कोणी ठेवले नाही. आता नऊशे पाने तयार होती, आणि ती पुन्हा काढायला खारींनी साफ नकार दिला.

वाघिणीने सायाळीकडे पाहिले. माकडे पुढे सरकली.

सायाळीने करकोच्याच्या नाना विनवण्या केल्या. पण जाणूनबुजून चूक करणे त्याच्या तत्त्वात बसेना. शेवटी तिने घसा साफ केला.

“करकोचेभाऊ, चूक करूच नका. फक्त आमच्या परंपरेनुसार टांगा.”

करकोच्याने मान तिरकी करून विचार केला. “परंपरा असेल तर माझी हरकत नाही.”

त्याने पान फिरवले. महाराणी पायांवर आल्या. चित्रशाळा सायाळीकडेच राहिली. कोल्ह्याला ‘सुधारणारत्न’ ही पदवी मिळाली, कारण जी चूक पूर्वी रमतगमत होत असे, ती आता निम्म्या वेळात होऊ लागली.

तात्पर्य : चूक वेळीच सुधारावी. वेळ टळून गेली असेल, तर तिला परंपरा म्हणावे आणि ती बिनचूक करणारा नेमावा.